पंचनामा न होणारं कुत्रं: अकोले तालुक्यातलं एक प्रकरण

शेळी गेली की वस्ती हलते. उजाडायच्या आत कोणीतरी वनरक्षकाला फोन लावतो, जनावरांचा डॉक्टर येतो, फोटो निघतात, दोन पंच सह्या करतात आणि भरपाईचा कागद पुढे सरकतो. कुत्रं गेलं तर यातलं काहीच होत नाही. घरातली म्हातारी चुलीपुढं बसल्या बसल्या सांगते, "रात्री कुत्रं नेलं वाघानं," आणि चहाचं आधण ठेवते. वाघ म्हणजे इथं बिबट्या. पट्टेवाला वाघ या भागात नाही, पण बोलण्यात अजून तोच शब्द आहे. बोलण्यातली आणखी एक गंमत बघा. जिवंत असताना जो 'मोत्या' होता, तो गेल्यावर 'कुत्रं' होतो. नाव जातं आणि लिंगही जातं.

या दोन घटनांना मिळणाऱ्या वेगवेगळ्या वागणुकीमुळं एक साधी गोष्ट बरीच वर्षं कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. बिबट्याच्या ताटात सगळ्यांत मोठा वाटा शेळीचा नव्हता, कुत्र्याचा होता. ते ज्या अभ्यासानं दाखवलं त्याचं हे प्रकरण. पण मला त्यात बिबट्यापेक्षा कुत्र्याबद्दल जास्त सांगायचं आहे.

जागा

हे अकोले म्हणजे विदर्भातलं अकोला नव्हे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा हा तालुका. वरच्या अंगाला कळसूबाई, हरिश्चंद्रगडाचे डोंगर आणि महादेव कोळी, ठाकर यांच्या वाड्या. खालच्या अंगाला प्रवरेचं खोरं. १९२६ साली पुरं झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी या खोऱ्यातून खाली जातं. पाणी पोचलं तिथं बाजरीच्या जागी हळूहळू ऊस आला. ऊस वर्षभर, कधी दीड वर्ष उभा असतो. दहा फुटांच्या त्या दाट भिंतीत दिवसा कोण झोपलंय ते बांधावरून चालणाऱ्याला कळत नाही.

डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (मॉर्टन ओडेन, जॉन लिनेल, जगदीश कृष्णस्वामी, उल्हास कारंत) या खालच्या भागात कॅमेरा सापळे लावले. जंगल म्हणावं असं तिथं काही नाही. दर चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबानुसार अशा मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ बिबटे होते आणि तरसंही तेवढीच. शिवाय कोल्हा, खोकड, रानमांजर, जवादी मांजर, मुंगूस आणि चक्क वाघाटी. त्याच कॅमेऱ्यांसमोरून माणसंही जात-येत होतीच.

आता एवढे बिबटे उसात राहतात तर खातात काय? हरीण नाही, सांबर नाही, रानडुक्कर नगण्य. चावडीवर विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं: आमच्या शेळ्या. वनखात्याचं दप्तर उघडलं तरी हेच उत्तर मिळालं असतं, कारण दप्तरात शेळ्या, कालवडी आणि मेंढ्याच असतात. कुत्र्याची भरपाई मागायला कोणी जात नाही. तक्रारीच्या कागदावरून बिबट्याचा आहार काढायचा म्हणजे पोलीस ठाण्याच्या डायरीवरून गावातली भांडणं मोजण्यासारखं आहे. जे लिहून ठेवायचा फायदा असतो तेवढंच लिहिलं जातं.

विष्ठेतले केस

बिबट्याला पंचनाम्याशी देणंघेणं नसतं. तो मांसाबरोबर केसही गिळतो, आणि केस पचत नाहीत. विष्ठा धुऊन, वाळवून त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली धरले की बाहेरच्या खवल्यांची नक्षी आणि आतल्या गाभ्याची रचना यांवरून केस शेळीचा, मांजराचा की कुत्र्याचा ते ओळखता येतं. एक मेख असते. लहान जनावराच्या अंगावर किलोमागे केस जास्त, म्हणून नुसती मोजदाद केली तर उंदीर-घुशींचं पारडं उगाच जड होतं. त्यासाठी वजनाचा वेगळा हिशेब करावा लागतो.

खात्रीनं बिबट्याच्याच अशा ८५ विष्ठा अत्रेय यांच्याच गटानं तपासल्या. वजनाच्या हिशेबात बिबट्यानं खाल्लेल्यापैकी ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. विष्ठांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा सापडली ती कुत्री आणि मांजरं. उरलेल्यात उंदीर, माकडं, मुंगूस, जवादी मांजर, पाखरं असा किरकोळ माल. आणि या भागात शेळ्यांची घनता कुत्र्या-मांजरांच्या सातपट होती.

सातपट शेळ्या समोर असताना बिबट्या कुत्र्याकडं का वळतो? कुत्र्याचं मांस त्याला फार आवडतं, हे उत्तर मी अनेकांकडून ऐकलंय, शिकलेल्यांकडूनही. आवडीनिवडीचं मला माहीत नाही. पण शेळीची रात्र आणि कुत्र्याची रात्र शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर आवडीपर्यंत जायची गरज उरत नाही.

शेळीला किंमत आहे. अडल्या वेळी विकता येते, बाजारात तिला भाव आहे. म्हणून दिवसा ती कोणाच्या तरी नजरेखाली चरते, दिवेलागणीला घरी येते आणि रात्री कुडाच्या, पत्र्याच्या किंवा जाळीच्या आत कोंडली जाते. गरिबातला गरीब माणूस शेळी पडवीत, प्रसंगी घरात घेतो. बिबट्याच्या दृष्टीनं सातपट शेळ्या कुलपातल्या. कुत्र्याची रात्र नेमकी उलटी. शेळी आत गेली की कुत्र्याची पाळी सुरू होते. ते अंगणात, उकिरड्याच्या उबेला, भुसाऱ्यात, चुलीच्या राखेत, बांधावर पसरतं. पाळीव जनावरांतलं रात्री उघड्यावर राहणारं, आणि राहावंच अशी अपेक्षा असणारं हे एकटंच. पंधरा-सोळा किलोचं, शिंगं नाहीत, बिबट्यानं मानगूट धरून फडात ओढून न्यावं अशा मापाचं.

कुत्र्याचा दिवस, कुत्र्याची रात्र

गावातलं कुत्रं शिकारी नाही, उकिरडा धुंडाळणारं आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात अबी वनक यांनी गावकुत्र्यांचा आणि खोकडांचा अभ्यास केला. माळावर हिंडणाऱ्या त्या कुत्र्यांचंही पोट मुख्यतः माणसाकडून आलेल्या अन्नावरच चालत होतं. आमच्या वस्त्यांवर त्याचा अर्थ असा: शिळी भाकरी, ताकाची गाळ, म्हैस व्याली की पडलेला वार, मेलेलं वासरू, पोल्ट्रीच्या शेडमागं फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या आणि हायवेच्या ढाब्यावरची हाडं. यातलं घरातून मुद्दाम घातलेलं थोडं, आपण होऊन सापडलेलं जास्त.

कोलकात्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी बरीच वर्षं मोकळ्या कुत्र्यांचं निरीक्षण करत आहेत. त्यांच्या नोंदींत दोन गोष्टी मला या प्रकरणासाठी कामाच्या वाटतात. पहिली, ही कुत्री बहुतेक वेळ लोळत असतात आणि माणसाच्या वाटेला आपण होऊन फारशी जात नाहीत. दुसरी, कळपात राहणारी असली तरी पोट भरायला ती बहुधा एकेकटी फिरतात. हद्द सांभाळायची तर सगळी मिळून, भुंकायचं तर सगळी मिळून. पण पोल्ट्रीमागच्या खड्ड्याकडं रात्री साडेअकराला जायचं तर एकटं. लांडगा आणि गावकुत्रं यांत हा मोठा फरक आहे. मोठं सावज पाडायचं असेल तर टोळी लागते, भाकरीचा तुकडा शोधायला टोळी अडचणच. आणि एकटं, नाक खाली घालून चालणारं कुत्रं उसाच्या कडेला किती सुरक्षित असतं ते सांगायला नको.

मग राखण? कुत्रं राखणीला असतं म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण त्याचं हत्यार दात नव्हे, आवाज आहे. कुत्रं भुंकतं, पलीकडच्या वस्तीवरचं उचलतं, तिसरीकडं पोचतं, आणि शेवटी कोणीतरी बॅटरी घेऊन दार उघडतो. बिबट्याला मागं हटवतो तो माणूस. कुत्र्याची सगळी लढाई माणूस बाहेर येण्यावर उभी आहे. तो आला नाही, पंखा लावून झोपला असला, तर भुंकणाऱ्या कुत्र्यानं स्वतःचा पत्ता तेवढा सांगितलेला असतो. बिबट्या आसपास असला की भुंकण्याचा सूर बदलतो, असं जुनी माणसं सांगतात. मी स्वतः दोनदा ऐकलंय. आधी जोरात, मग तुटक, मग एकदम गप्प. आणि कुत्रं खाटेखाली.

सगळ्यांत वाईट अवस्था साखळीतल्या कुत्र्याची. मोकळं कुत्रं निदान खाटेखाली शिरू शकतं. शेताच्या कडेला खुंटीला बांधलेलं कुत्रं म्हणजे आपणच वाढून ठेवलेलं ताट. हिमालयातले मेंढपाळ आपल्या मोठ्या भोटिया कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण तिथं कुत्रं म्हणजे भांडवल असतं. आपल्याकडं कुत्र्याच्या गळ्यात सुतळी असते.

भाद्रपद

एवढी कुत्री जात असतील तर अकोल्यात कुत्री संपली कशी नाहीत? याचं उत्तर आपल्या भाषेत आधीपासून आहे. भाद्रपद म्हटलं की मराठी माणसाला गणपती आठवतात, आणि त्यापाठोपाठ, जरा आवाज खाली करून, कुत्री. पश्चिम बंगालमधल्या कटवा गावात एस. के. पाल यांनी मोकळ्या कुत्र्यांची वीण अभ्यासली, तिथंही माद्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येताना आणि बहुतेक वर्षाला एकदाच विताना दिसल्या. घरात पाळलेली कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, पण गावच्या कुत्रीचं घड्याळ ऋतूला बांधलेलं दिसतं. साधारण ६३ दिवसांचा गर्भ धरला तर भाद्रपदातल्या माजाची पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात पडतात. पाऊस गेलेला, खळ्यावर भुसा साचलेला, थंडीत ऊब शोधायला चुली आणि उकिरडे आहेत, सुगीचं अन्न सांडतंय.

कुत्री विण्यासाठी जागा कुठं निवडते, हेही बोलकं आहे. आयसरच्या अभ्यासात माद्या माणसांच्या वावराजवळची जागा पसंत करताना दिसल्या. माणसापासून लांब, झाडीत सुरक्षित, असं काही नाही. म्हणजे जिन्याखाली, पडक्या भिंतीच्या आडोशाला, लाकडांच्या ढिगाखाली. आमच्याकडं कडब्याच्या गंजीखाली. आणि तरीही जगतात किती? त्यांनी ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. सात महिन्यांपर्यंत, म्हणजे स्वतः वीण करण्याच्या वयापर्यंत, १९ टक्केच पोचली. मेलेल्यांपैकी ६३ टक्के मृत्यूंत कुठल्या ना कुठल्या रीतीनं माणसाचा हात होता: गाडीखाली येणं, उचलून नेणं, मारणं, विष. हे आकडे बंगालचे आहेत, तिथं बिबट्याचा प्रश्नच नव्हता. पण आकड्यांचा रोख महत्त्वाचा आहे. पिल्लाला ज्या आडोशाची गरज असते तो माणसापाशी आहे आणि त्याचा मोठा धोकाही माणसापाशीच.

तरी एका वेतात पाच-सहा पिल्लं असतील तर दर पाचांतलं एक जगलं तरी जागा रिकामी राहत नाही. शिवाय अकोल्यासारख्या ठिकाणी माणूस स्वतःच भरती करतो. राखणीचं कुत्रं गेलं की पाहुण्याकडून, बाजारच्या गावाहून नवं पिल्लू येतं. फुकटच असतं, पिशवीत घालून आणायचं. नवा मोत्या. शेळीची खरेदी ठरवून होते, कुत्र्याची भरती कोणी ठरवत नाही, ती होऊन जाते.

कोणाचं कुत्रं?

२०१९ च्या पशुगणनेत देशभर १ कोटी ५३ लाखांच्या आसपास भटकी कुत्री मोजली गेली. गणनेत पाळीव आणि भटकं असे दोन रकाने असतात. अकोल्यातल्या वस्तीवरचं कुत्रं कुठल्या रकान्यात घालायचं? त्याला नाव आहे, घर आहे, रोज एक भाकरी मिळते. पण दार नाही, लस नाही, डॉक्टर नाही, मेल्यावर तक्रार नाही. ते चावलं तर 'गावचं', राखण केली तर 'आमचं'. माझ्या मते या प्रकरणाची गाठ या अर्ध्या मालकीत आहे. खाऊ घालणारे अनेक आणि रात्री आत घेणारा कोणी नाही, अशी जात आपण तयार केली. आणि नेमकं याच पोकळीत बिबट्याचं पोट भरतंय.

मुंबईत हेच मोठ्या मापात दिसतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या सुमारे ३५ बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या घरात धरून २०१८ साली एका अभ्यासगटानं हिशेब मांडला: बिबटे वर्षाला १५०० च्या आसपास कुत्री खातात, आणि त्यामुळं कुत्रं चावण्याचे हजारभर प्रसंग टळतात. वर्तमानपत्रांनी तो फार उत्साहानं छापला. मला त्यातला पहिला भाग पटतो, दुसऱ्याबद्दल शंका आहे. कुत्रं कमी झालं म्हणजे चावा त्याच प्रमाणात कमी होतो हे गृहीत धरलेलं गणित आहे, मोजलेलं नाही. जागा रिकामी झाली की शेजारची कुत्री हद्दीसाठी भांडतात, नवी येतात, त्या गोंधळात काय होतं ते त्या गणितात येत नाही.

'कुत्री काढा, बिबट्या जाईल' हा उपाय गावसभेत दर वेळी निघतो. तो ऐकायला सरळ आहे. पण ज्याच्या पोटातला ३९ टक्के वाटा तुम्ही एका हिवाळ्यात काढून घेतला, तो उपाशी पोट घेऊन डोंगरावर जाईल असं मानायला काही आधार नाही. कुडाच्या गोठ्याकडं वळेल, ही शक्यता मला जास्त वाटते. बिबट्याच उचलून दुसरीकडं सोडण्याचा प्रयोग शेजारच्या जुन्नर भागात होऊन गेलेला आहे. १९९३ ते २००१ मध्ये तिथं माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोठ्या प्रमाणावर पकडून सोडणं सुरू झाल्यावर २००१ ते २००३ मध्ये ती सरासरी १७ वर गेली. जुन्नर, शिरूर पट्ट्यात आजही माणसं जातात, लेकरं जातात. त्या घरापुढं उभं राहून कुत्र्यांची आकडेवारी सांगणं शक्य नाही, आणि सांगूही नये.

मग हातात काय राहतं? फार मोठं नाही. पोल्ट्रीवाल्यानं मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरणं. रात्री कुत्र्याला शेळीबरोबर आत घेणं. भुंकायचं ते आतूनही भुंकतं. अंगणात दिवा. माद्यांची नसबंदी आणि लस. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी करून कुत्रं होतं तिथंच सोडायचं असतं. शहरात हे अडखळत का होईना चालतं. वस्तीवर, जिथं एक घर आणि दुसरं घर यांत दोन एकर ऊस उभा आहे, तिथं जाळी घेऊन येणारी गाडी मी पाहिलेली नाही. लसीचा मुद्दा पिसाळण्यापुरताही नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत २० हून जास्त सिंह मेले, त्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. तो रोग मोकळ्या कुत्र्यांत नेहमीचा. कुत्रं खाणारा बिबट्या कुत्र्याबरोबर आणखी काय खातो, याचा हिशेब विष्ठेतल्या केसांत निघत नाही.

वरच्या वाड्यांत दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवून गुरांना सांभाळ म्हणायचं. गुरांना. कोण कशाबद्दल गाऱ्हाणं घालतो, यात वनखात्याचं दप्तर आणि वाघोबाचं ठाणं यांचं एकमत आहे.

वाघबारस झाली की तोड सुरू होते. फड उतरत जातो तसे कधी कधी बछडे सापडतात. वनखात्याची माणसं येतात, ते पिंजऱ्यात घालून त्याच जागी ठेवतात, रात्री मादी येऊन घेऊन जाते. त्याच फडाच्या बांधाला, तोडकऱ्यांच्या कोप्यांच्या आडोशाला, पाचटाच्या ढिगात एखादी कुत्री व्यालेली असते. पाच-सहा पिल्लं, डोळे न उघडलेली. तोडकऱ्यांची पोरं त्यांना नावं ठेवतात. मार्चमध्ये पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, ट्रक भरतात, कोप्या मोडतात. एक-दोन पिल्लं ट्रकमध्ये चढतात. बाकीची बांधावर राहतात आणि संध्याकाळी जवळच्या वस्तीच्या उजेडाकडं चालू लागतात.